दोन आडव्या रेघा

…आन म्हनून मी म्हनते, बरोबर म्हनजे बरोबर असते, नाई का हो? तुमी सगळे शिकलेले दिसता, तुमीच सांगा. तराजूच्या एका पारड्यात किलोचं माप, दुसऱ्या पारड्यात वांगे, आन काटा मधात उभा राह्यला का आपन काय म्हनतो? बरोबर. गिऱ्हाईक म्हनते बरोबर, आपन म्हनतो बरोबर, आन दोघंही आपापल्या रस्त्यानं लागतो. आता तिथं कोनी येऊन म्हनलं का बाई, या पारड्यात जेवढं हाय तेवढंच त्या पारड्यात हाय, पन त्या पारड्यात एक जास्त हाय, आन तरी काटा मधातच हाय… तं तुमी त्याले काय म्हनसान? मी तं म्हनीन, बापा, उनात फिरू नको, दोन घोट पानी पे आन सावलीत बस. पन हे मले बाहेरच्या कोनी नाई सांगतलं, माह्या सुनेनं सांगतलं, माह्याच ओसरीत बसून सांगतलं, आन वरून म्हने, आई, तुमाले हे समजाच लागते. लागते म्हने. आता सांगा, मले कोनी इचारलं?

थांबा, मुळापासून सांगते, नाईतं तुमी म्हनसान बुढी निरा बह्याड हाय. आमी बार्शीटाकळीचे, फुलवाले. गावाबाहेर आमचं वावर हाय, त्यात झेंडू, शेवंती, आन बांधाबांधानं वांगे-गिलके. पोरगा नितेश माल घेऊन अकोल्याले जाते, घरचे, म्हनजे नितेशचे बाबा, वावर पाह्यतात, आन मी ओसरीत बसून हार गुंफते, लगनाचे, सत्काराचे, मयताचे, सगळे. सून रागिणी. बारावी झालेली, साजरी पोरगी, बोलते कमी. लगन झाल्यापासून तिनं कवा काई मागतलं नाई, साडी नाई, सोनं नाई, आन मागतलं तं काय मागतलं? कम्प्युटरचा कोर्स. तोही साधा टायपिंगवाला नाई, मशीनले हुकूम कसे लिहून द्याचे, तो कोर्स. नितेश म्हने शिकू दे. घरचे म्हने शिकू दे. मी हातातलं फूल खाली ठेवलं, म्हनलं आता मलेही इचारतीन, सासू हाय मी या घरची, कोरड्या तोंडानं तरी इचारतीन… तं सगळे उठले आन जेवाले बसले. मले कोनी इचारलं?

बरं, जाऊ दे. शिकत होती तं शिकत होती. सकाळचा सैपाक करून जीपगाडीत बसे, अकोल्याले जाय, दुपारच्याले परत, आन आली का पदर खोचून हार गुंफाले बसे. मी काई बोल्ली नाई. बोलाचं काय, मले बोलाले जागाच नव्हती. पन एक दिवस आली तं उभीच राह्यली दारात, चप्पल नाई काढली. म्हनलं, काय झालं वं? म्हने, आई, सर आपल्या गावात बायायची बॅच चालू करून राह्यले. शिकवाले एक बाई पाह्यजे. मी नाव देलं. माह्यासंगं आनखी एकीनं देलं. मी म्हनलं, देलं तं देलं, मंग तोंड कावून उतरलं? तं म्हने, सरानं अट घातली.

आता हे सर. देवानंद सर. पोरगंच हाय, माह्या नितेशपक्षा लहान असन, पन बोलते असं का जसं प्रत्येक शब्दाले इस्तरी केली. "ज्यांना शिकवायचं आहे, त्यांनी आधी घरातल्या एका व्यक्तीला समजावून दाखवायचं. जिनं संगणकाला कधी हात लावलेला नाही, अशी व्यक्ती. तिला घेऊन यायचं. मी तिला प्रश्न विचारणार. तिला समजलं असेल, तर तुम्हाला शिकवता येतं." पाह्यलं? परीक्षा सुनेची आन पेपर सोडवाचा सासूनं. नितेश तं बाद, तो दिवसभर मोबाइलमंधीच राह्यते. घरचे म्हने, माहं काई जमत नाई, मले पानी द्याचं हाय झेंडूले, आन खरंच पानी द्याले गेले, पानी कालच देलं होतं तरी गेले. राह्यलं कोन? मी. चवथीपर्यंत शिकलेली, हिवरखेडच्या शाळेत. मी म्हनलं, मले जमनार नाई वं. तं रागिणीनं चप्पल काढली. खाली बसली, आन मंग एवढंच म्हने, "आई, हे नाई झालं तं मी या घरात पुन्हा काई मागनार नाई." रागानं नाई म्हनलं बरं. रागानं म्हनलं असतं तं मी पाह्यून घेतलं असतं. अशी म्हनली का जशी तिनं मागाची गोठ गुंडाळून माळ्यावर टाकून देली. मले रात्री जेवन गेलं नाई, खोटं कायले सांगू.

मंग आमची शाळा भरली, ओसरीत, फुलायच्या ढिगाजवळ. पह्यल्याच दिवशी तिनं पाटीवर लिहिलं: फुलं, मंग एकीखाली एक दोन आडव्या रेघा, मंग फुलं, अधिक, एक. मी वाचलं. फुलं बरोबर फुलं अधिक एक. मी म्हनलं, हे खोटं हाय. म्हने, खोटं नाई आई. मी म्हनलं, हे पाह्य, माह्या हातात पाच फुलं हायेत, तं पाच बरोबर पाच अधिक एक कसे होतीन वं? मास्तरनं हातावर छडी मारली असती. म्हने, आई, हे ते बरोबर नाई. म्हनलं, मंग हे कोनतं बरोबर? म्हने, हे बरोबर म्हनजे ठेवाचं. उजव्या बाजूचं जे असन ते पह्यले मोजाचं, आन डाव्या बाजूच्या नावात ठेवाचं. पाच होते, त्यात एक टाकलं, सहा झाले, ते सहा पुन्हा 'फुलं' म्हनून ठेवले. मी म्हनलं, मंग तसं लिहा ना. बाण काढा. उजवीकडून डावीकडं एक बाण काढला का आंधळ्यालेही समजते का इकडचं तिकडं चाललं. तं ती म्हने, आई, सर सांगत होते, काई काई भाषायमंधी बाणच काढतात. मी हातातली सुई खाली ठेवली. मंग आपल्याले कावून नाई? तं म्हने, ही भाषा तशी नाई, हिच्यात हेच चालते, पह्यलेपासून. पह्यलेपासून! कोनतंही येडंवाकडं असो, पह्यलेपासून म्हनलं का झालं सरळ. मले कोनी इचारलं असतं तं मी बाण काढाले सांगतला असता. पन मले कोनी इचारलं?

तरी तिनं हार मानली नाई. दुसऱ्या दिवशी सैपाकघरातून डबे घेऊन आली. म्हने, आई, नाव म्हनजे डबा समजा. डब्यावर चिठ्ठी हाय, 'फुलं'. त्यात आपन काय भराचं ते उजवीकडं लिहाचं. मी म्हनलं, हे समजलं, पुढं चाल. म्हने, आता या डब्यात तूरडाळ हाय, आन मी लिहिलं का डबा बरोबर तांदूळ. तं काय होईन? आन उचलला तिनं डबा, निघाली डाळ ओताले. मी म्हनलं, थांब, थांब वं, ओतते कुठं? म्हने, आधीचं जाते ना आई, आधीचं काढल्याबिगर नवं कसं येईन? म्हनलं, माह्या घरात भरल्या डब्यातलं कोनी ओतत नाई. तिनं तांदूळ वरूनच टाकले, बिचारी काय करन, मी डाळ काढूच देली नाई. त्या दिवशी नितेश ताटावर बसला आन म्हने, आज खिचडी कावून? रागिणी म्हने, आईले कम्प्युटर समजून राह्यला. पोट धरधरून हासला तो. घरचेही हासले. मीही हासली थोडीशीक. पन मनात काईतरी रुतून बसलं होतं, ते काई निघे ना.

ते हे का मी तिले इचारलं होतं, "आधीचं जाते म्हनते, तं जाते कुठं?" डाळ असली तं ती दुसऱ्या भांड्यात जाते, सांडली तं चिमन्या खातात, कुठंतरी जाते ना? तं रागिणी म्हने, "मशीनमंधी तसं नसते आई. कुठंच जात नाई. त्या जागेवर दुसरं लिहिलं का पह्यलं नव्हतंच असं होऊन जाते." मी म्हनलं, आन कोनाले पाह्यजे असन तं? आधीचं सांभाळून ठेवाचं असन तं? म्हने, "तं मंग लिहाच्या आधीच तिसरा डबा घ्या लागते. आधीचं त्यात ठेवाचं, मंग इथं नवं भराचं." तिसरा डबा. मी सुई-दोरा उचलला. ती समजली का सासूले समजलं नाई, आन उठून चा टाकाले गेली. मले समजलं होतं. मले इतकं समजलं होतं का मले सुईत दोरा ओवता येईना.

आता हे तुमाले सांगाव का नाई, मी इकडं याले गाडीत बसल्यापासून इचार करून राह्यली. सांगते. माहं नाव लीलाबाई. सगळं गाव लीलाबाई म्हनते, तुमीही आता माइकवर बोलावताना लीलाबाईच म्हनलं. पन हिवरखेडात माहं नाव मैना होतं. आमच्या आईनं ठेवलं होतं. लगनात बदललं. आन माहा एक भाऊ होता, गोवर्धन, तो एकटा मले शेवटपर्यंत मैना म्हने. फोन केला का 'मैना, फुलं काय म्हनतात?' एवढंच इचारे, आन मंग आपल्याच म्हशीच्या गोठी सांगत बसे. मी कवा कवा कंटाळून फोन ठेवून दे. मागच्या पोळ्याले तो गेला. तवापासून कोनी… म्हनजे कोनी म्हनाचा प्रश्नच नाई ना, कोनाले माहीतच नाई. तं तिसरा डबा म्हनजे तो होता, हे मले माह्या सुनेनं तूरडाळीच्या डब्यावरून सांगतलं, तिचं तिलेही ठाऊक नसताना.

असो. परीक्षेचा दिवस आला. मी नवं लुगडं नेसली, रागिणीनं माह्या डोक्याले तेल लावून देलं, जशी मीच नवरी. जीपगाडीत मी तोंडातल्या तोंडात घोकत होती, उजवीकडचं मोजाचं, डावीकडं ठेवाचं, उजवीकडचं मोजाचं, डावीकडं ठेवाचं. जवळ बसलेला मानूस म्हने, बाई, तब्येत बरी नाई का? मी म्हनलं, तब्येत बरी हाय, सून शिकून राह्यली.

तिथं गेलो तं खोलीभर मशीनी, पंखा फुल्ल, आन सगळे पोरं-पोरी भिंतीले टेकून उभे. पह्यले दुसऱ्या बाईचा नंबर होता, तिनं आपल्या घरधन्याले आनलं होतं. चांगला धिप्पाड मानूस. सर म्हने, "काका, ही ओळ समजली का?" तो म्हने, "समजलं." "मग सांगा, फुलं किती झाली?" "समजलं." "अहो, किती झाली?" "सर, समजलं ना." बायको भिंतीपाशी डोळे मिटून उभी. सरानं त्याले पानी देलं. मले त्या बाईची लय कीव आली, आन खरं सांगते, आतून बरंही वाटलं. म्हनलं, आता आपलं सोपं हाय.

मंग मी बसली. सरानं फळ्यावर लिहिलं फुलं बरोबर दहा. खाली लिहिलं फुलं बरोबर फुलं अधिक एक. "काकू, आता किती फुलं?" आन मले उत्तर येत होतं हो. अकरा. जिभेवर होतं. पन त्या दोन रेघा पाह्यल्या आन माहं डोकं पुन्हा पारड्यावर गेलं, आन मी म्हनलं, "सर, हे खोटं हाय." खोलीत सगळे हासले. सर नाई हासले. रागिणी… तिच्याकडं मी पाह्यलं तं ती आपल्या पदराचा दोरा ओढून राह्यली होती, ओढून राह्यली होती, मान खाली. मले वाटलं, गेलं. माह्या जिभेनं पोरीचं गेलं. मी म्हनलं, सर, थांबा, चुकलं. सर म्हने, "घाबरू नका, काकू. वेगळं उदाहरण घेऊ," आन त्यायनं सगळं पुसलं आन लिहिलं: नाव, दोन रेघा, आन पुढं लीलाबाई. "आता सांगा. या ओळीचा अर्थ काय?"

आन मले दिसलं. तुमाले सांगते, त्या फळ्यावर मले ताट दिसलं. मी म्हनलं, सर, हे तांदळाचं ताट हाय. ते म्हने, कोणतं ताट? मी म्हनलं, तुमचं लगन झालं नसन, म्हून तुमाले माहीत नाई. लगनात ताटात तांदूळ पसरतात, सारखे करतात हातानं, आन नवरा बोटातल्या अंगठीनं त्यात नवरीचं नाव लिहिते. नवं नाव. ते नाव सासरचे घेऊन येतात, उजवीकडून येते म्हना. डावीकडं नवरी असते, मुकाट्यानं बसलेली, डब्यासारखी. लिहिलं का बाया वाचतात, लीलाबाई, लीलाबाई, हासतात, टाळ्या वाजवतात, आन तेवढ्यात ते ताट कोनी उचलून नेते आन ते तांदूळ पुन्हा तांदळात. हे बरोबर म्हनजे सारखं नाई, सर. मैना आन लीलाबाई सारख्या कश्या असतीन? हे बरोबर म्हनजे आतापासून हे. आन आधीचं कुठं जाते ते इचारू नका. कुठंच जात नाई. दुसरं लिहिलं का पह्यलं नव्हतंच असं होते. कोनी भाऊ-बहीन तिसऱ्या डब्यात धरून ठेवते, तो असेपर्यंत असते.

सरानं खडू उचलला आन त्या दोन रेघायच्या बाजूले आनखी दोन रेघा काढल्या. तेच चिन्ह, लागोपाठ दोनदा. आवाज एकदम हळू. "आणि काकू… हे?"

हे रागिणीनं मले शेवटच्या दिवशी सांगतलं होतं, घाईघाईत, हार बांधता बांधता. एकदा काढलं तं मशीनले हुकूम हाय, ठेव. दोनदा काढलं तं इचारनं हाय, हे तेच हाय का? मशीन पाह्यते आन हो तं हो म्हनते, नाई तं नाई म्हनते, डब्यातलं काई हालवत नाई. मी फळ्याकडं पाह्यलं आन म्हनलं, "हे इचारते, सर. हे आमच्या मांडवात नव्हतं."

सर रागिणीकडं वळले आन म्हने, "तुमची बॅच. पुढच्या सोमवारपासून." एवढंच. मले वाटलं पोरगी हासन, माह्या गळ्यात पडन, निदान पेढे तरी घेईन. ती तं रडून राह्यली होती, भिंतीकडं तोंड करून. आन तवा माह्या ध्यानात आलं.

आता हे कसं सांगू… रागिणीचंही नाव रागिणी नव्हतं. दीपमाला होतं. पन आमच्या घरात एक दीपमाला होतीच, माही पोरगी, परतवाड्याले देलेली. तं लगनाच्या बैठकीत सगळ्यायनं मिळून ठरवलं का घरात एका नावाच्या दोघी कश्या चालतीन, एकीले हाक मारली तं दुसरी येईन. आन पोरगी तं परतवाड्याले, तीन डोंगरं पलीकडं, तिले हाक मारनार कोन होतं? पन ठरलं. ताट आलं, नितेशनं लिहिलं, बायायनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माह्या हातायले कुठं माहीत होतं का हे तेच ताट हाय.

परत येताना जीपगाडीत ती खिडकीजवळ बसली, मी तिच्या बाजूले. बाहेर पऱ्हाटीचे वावरं मागं जात होते. मी म्हनलं, "तुहं नाव दीपमाला होतं, नाई वं?"

"होतं."

"तुले दीपमाला म्हनू का?"

ती बाहेरच पाह्यत राह्यली. बार्शीटाकळी दिसाले लागली तवा म्हने, "आई, तुमी इचारलं ना… झालं."

"झालं म्हनजे काय? हो का नाई, ते सांग. मशीनही सांगते."

तवा ती हासली. "म्हना," म्हने.

आन दुसऱ्या दिवशी सकाळी उठली मी, तोंड धुतलं, ओसरीत बसली आन पह्यली हाक मारली, रागिणी, चा आन वं. ती चा घेऊन आली, ठेवला. मीच जीभ चावली. मंग दिवसभर दीपमाला, दीपमाला, घोकल्यासारखं. नितेश इचारे, आई, दीपमाला आली का परतवाड्याहून? घरचे म्हने, कोन दीपमाला? मी म्हनलं, तुमची सून. तं म्हने, सून तं रागिणी हाय. आता यायले कोन समजावन? आन दिवाळीत पोरगी खरंच आली माहेरी, आन मी हाक मारली तं दोघीही ओ देऊन आल्या, दोघींचेही हात पिठानं भरलेले, आन मले सांगा, काय वाईट झालं? एकीच्या ऐवजी दोघी आल्या. पह्यलेच कोनी मले इचारलं असतं तं मी हे सांगतलं असतं. पन मले कोनी इचारलं?

तं शेवटची गोठ सांगते आन बसते. बॅच चालू झाली, गावच्या शाळेच्या मोकळ्या खोलीत. मी पह्यल्या दिवशी पह्यल्या रांगेत, सासू हाय मास्तरीनबाईची, मांगं कशी बसन? बाजूले माणिकबाई, आमच्याच गल्लीतली, पन माहेर परतवाड्याचं. आन फळ्यापाशी माही सून, हातात खडू, आवाज असा खणखणीत का मले वाटलं ही इतके वरीस बोलत कावून नव्हती. म्हने, "पह्यलं काम सोपं हाय. मशीन तुमाले तुमचं नाव इचारीन. जे नाव तुमाले तुमचं वाटते, ते टाका. आधारवरचं टाकाव असं काई नाई. कोनी पाह्यनार नाई." बाया एकमेकीकडं पाह्याले लागल्या. माणिकबाईनं पदर आडवा धरला, एकेक बटन दाबत काईतरी लिहिलं, आन मंग पदराआडून पडद्याकडं पाह्यतच राह्यली. मी डोकावून पाह्यलं नाई. पाह्याचं नसते.

मंग माही पाळी. पडद्यावर अक्षरं आले, तुमचं नाव काय? आन खाली एक रेघ, लुकलुक, लुकलुक, वाट पाह्यत. इचारून राह्यलं होतं हो ते. आईनं ठेवलं तवा मी पाळन्यात, तवा नाई इचारलं ते ठीक हाय. मांडवात नाई इचारलं. घरच्यायनं नाई, सासूनं नाई, शिधापत्रिकेवाल्यायनं नाई. आन इचारलं तं कोन? एका खोक्यानं. आन मी घरून ठरवून आली होती, मैना. रस्त्यानं बोटावर गिरवत आली होती. गोवर्धनले मनात सांगतलंही होतं का आज तुहा डबा उघडते, लेका. बोट वर नेलं, डोळे पुसले, आन दाबाले लागली. एकेक अक्षर. लय येळ लागला. मंग शेवटचं मोठं बटन दाबलं.

पडद्यावर आलं: नमस्कार, लीलाबाई.

मी पाह्यत राह्यली. बोटं माहेच होते, दाबलं मीच होतं, कोनी धरून दाबलं नव्हतं. माह्या मांगं येऊन सून उभी राह्यली होती, ती कवा आली मले समजलं नाई. तिनं पडदा वाचला. माह्या खांद्यावर हात ठेवला आन हळूच इचारलं, इचारलं बरं, "आई, पुसू का? पुन्हा लिहिता?"

मी म्हनलं, "राहू दे वं, रागिणी."